ऑस्ट्रेलियाची लोकर एकट्या जॉन मॅकआर्थरची नव्हे

स्पर्धा परीक्षांच्या आणि मेंढीपालनाच्या गटांमध्ये एक मजकूर सतत पुढे ढकलला जातो. त्याचा गोषवारा असा: जॉन मॅकआर्थर नावाच्या एका साध्या इंग्रज शिपायाने स्पेनहून मेरिनो या बारीक लोकरीच्या जातीच्या मेंढ्या आणून ऑस्ट्रेलियात पहिल्यांदा उतरवल्या. त्याआधी तिथे असलेली भारतीय मेंढरे निरुपयोगी होती. ओसाड, मालक नसलेल्या जमिनीवर त्याने एकट्याच्या कष्टाने कळप वाढवला. दारूच्या टोळीशी तो लढला, जुलमी गव्हर्नरला खाली खेचले, लोकांनी त्याला विधिमंडळात पाठवले. आणि आज ऑस्ट्रेलियातली प्रत्येक मेरिनो त्याच्याच कळपाची वंशज आहे. पुरावा म्हणून शेवटी 1966 साली निघालेल्या दोन डॉलरच्या नोटेचे चित्र असते. नोटेवर मॅकआर्थर आहे, शेजारी मेरिनो मेंढा आहे, एवढे मात्र खरे.

मॅकआर्थर किरकोळ माणूस नव्हता. उत्तम लोकरीचे मोल त्याने फार लवकर ओळखले आणि ते लंडनच्या सत्ताधाऱ्यांच्या गळी उतरवले. ही त्याची कामगिरी मोठी आहे आणि ती त्याच्याकडून कोणी काढून घेऊ नये. पण या मजकुरात तिचा उल्लेखही नाही. त्याऐवजी दुसऱ्यांची कामे त्याच्या नावावर चढवली आहेत. त्यांतली एकेक तपासू.

"साधा शिपाई"

तो शिपाई नव्हता, अधिकारी होता. 1767 साली इंग्लंडमधल्या प्लिमथजवळ एका कापड व्यापाऱ्याच्या घरी जन्म, 1782 मध्ये सैन्यात कमिशन, 1789 मध्ये न्यू साउथ वेल्स कोअर या नव्या पलटणीत लेफ्टनंट, आणि 1790 च्या जूनमध्ये इंग्लंडहून कैदी नेणाऱ्या जहाजांच्या दुसऱ्या ताफ्याबरोबर सिडनीच्या नव्या वसाहतीत. बरोबर पत्नी एलिझाबेथ आणि लहान मुलगा. अधिकारी असण्याला तिथे फार अर्थ होता. वसाहतीत नाणे दुर्मिळ होते. अधिकाऱ्यांना मात्र लंडनमध्ये वटणाऱ्या पगाराच्या हुंड्या मिळत, त्यामुळे बंदरात आलेल्या जहाजाचा माल ठोक भावात उचलणे त्यांनाच शक्य होते. मॅकआर्थरचे पहिले भांडवल असे उभे राहिले. शिवाय पलटणीचा पगारवाटपही काही काळ त्याच्याच हाती होता.

"स्पेनहून पहिल्या मेरिनो त्यानेच आणल्या"

या मेंढ्यांचा प्रवास नीट सांगायला हवा, कारण सगळी गफलत इथेच होते. 1789 मध्ये स्पेनच्या राजाकडून काही मेरिनो डच राजघराण्याला भेट मिळाल्या. हॉलंडच्या ओल्या हवेत त्या टिकतील असे वाटेना, म्हणून त्या दक्षिण आफ्रिकेच्या टोकाला, केप वसाहतीत, तिथल्या डच फौजेचा प्रमुख कर्नल रॉबर्ट जेकब गॉर्डन याच्याकडे पाठवल्या. पुढे डचांनी त्या परत मागितल्या. गॉर्डनने मूळ जनावरे परत केली, पण तोवर झालेली पिल्ले ठेवून घेतली. 1795 मध्ये इंग्रजांनी केप घेतले, त्याच वर्षी गॉर्डनने आत्महत्या केली. त्याची विधवा युरोपला परतण्याच्या तयारीत मेंढ्या विकायला काढून बसली होती.

नेमक्या त्याच वेळी सिडनीच्या गव्हर्नरने गुरे आणि रसद आणायला दोन सरकारी जहाजे केपला पाठवली होती. ‘रिलायन्स’चा कप्तान होता हेन्री वॉटरहाउस, ‘सप्लाय’वर होता विल्यम केंट. दोघांनी स्वतःच्या पैशाने प्रत्येकी 13 मेंढ्या घेतल्या. वाटेत बरीच जनावरे दगावली. लहान जहाज, वादळी समुद्र, मर्यादित गोडे पाणी आणि डेकवर ओलसर चारा. अशा प्रवासात मेंढी आधी खाणे सोडते, मग बसते, आणि बसलेली मेंढी बहुधा उठत नाही. 1797 च्या जूनमध्ये ‘रिलायन्स’ सिडनीला पोचले तेव्हा उरलेली मूठभर मेरिनो हीच ऑस्ट्रेलियातली पहिली.

मॅकआर्थर या सफरीत नव्हता. जहाज आल्यावर त्याने वॉटरहाउसला सगळ्या मेंढ्या एकगठ्ठा देत असशील तर दर मेंढीला 15 गिनी देतो असे सांगितले. वॉटरहाउसने नकार दिला. एकाच्या दावणीला सगळे बीज गेले आणि तिथे रोग आला तर सगळेच संपणार. त्याने मेंढ्या वाटल्या: केंटला, कॅप्टन रोलीला, पाद्री सॅम्युअल मार्सडेनला, आणि मॅकआर्थरलाही. मॅकआर्थरच्या वाट्याला आल्या त्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. श्रेय एका नावावर घालायचे झाले, तर स्वतःच्या खिशातून पैसे घालून, जहाजावर जगवून, आणि पुन्हा चौघांत वाटून बीज सुरक्षित करणाऱ्या वॉटरहाउसचा हक्क आधी येतो.

मॅकआर्थरने स्वतः मेरिनो आणल्या त्या आठ वर्षांनंतर, आणि त्याही स्पेनहून नाही. ऑगस्ट 1804 मध्ये इंग्लंडच्या राजाच्या किऊ येथील कळपातल्या काही मेंढ्या लिलावात निघाल्या, तिथे त्याने खरेदी केली. जिवंत मेंढी देशाबाहेर नेण्यास तेव्हा ब्रिटनमध्ये कायद्याने बंदी होती, म्हणून खास परवाना काढावा लागला. ‘आर्गो’ जहाजातून 1805 च्या जूनमध्ये तो त्या घेऊन सिडनीला उतरला.

"भारतीय मेंढरे निरुपयोगी होती"

मराठी वाचकांपर्यंत हे वाक्य सर्रास पोचते, आणि सगळ्या मजकुरात सर्वांत चुकीचे तेच आहे.

पहिली गोष्ट म्हणजे मॅकआर्थरने लोकरीचा धडा शिकला तो बंगाली मेंढ्यांवर. त्याच्याच सांगण्यानुसार 1794 मध्ये कलकत्त्याहून आलेल्या जहाजाच्या एका अधिकाऱ्याकडून त्याने 60 बंगाली मेंढ्या-कोकरे विकत घेतली. थोड्याच दिवसांत एका आयरिश जहाजाकडून दोन आयरिश मेंढ्या आणि एक तरुण मेंढा मिळाला. संकर केला. बंगाली मेंढीच्या अंगावर लोकर नसते, राठ केस असतात. पण तिच्या संकरित कोकरांच्या अंगावर केस आणि लोकर यांचे मिश्रण आले. ते पाहूनच बारीक लोकर इथे तयार होऊ शकते अशी खात्री पटल्याचे त्याने पुढे लंडनने वसाहतीच्या चौकशीसाठी पाठवलेल्या आयुक्त बिग याला सांगितले. मेरिनो यायच्या तीन वर्षे आधीची ही गोष्ट आहे.

दुसरी गोष्ट हिशेबाची आहे. चार-पाच शुद्ध मेंढ्यांपासून हजारोंचा कळप दहा वर्षांत होत नाही. म्हणून शुद्ध मेरिनो नर घ्यायचा आणि हाताशी असलेल्या बंगाली, केप आणि आयरिश मिश्र माद्यांवर सोडायचा. पहिल्या पिढीत मेरिनो रक्त 50 टक्के, त्या माद्यांवर पुन्हा शुद्ध नर सोडला की 75, मग 87.5, चौथ्या पिढीत सुमारे 94. मेंढी साधारण दोन वर्षांची होताना पहिल्यांदा विते असे धरले तर चार पिढ्यांना आठ वर्षे लागतात. म्हणजे 1797 ला सुरुवात केली तर 1805 उजाडते. या शिडीच्या सर्वांत खालच्या पायरीवर जी माद्यांची फौज लागते, तिचा मोठा भाग बंगालहून आला होता. ती नसती तर मेरिनो नर सोडायचे कशावर?

ही शिडी कुठे तुटते तेही सांगायला हवे. कुंपण नसलेल्या रानात शेजारचा एक अर्धा-संकरित मेंढा कळपात घुसला की तीन पिढ्यांची मेहनत मागे जाते. दिसायला मेरिनोसारखा असलेला 75 टक्क्यांचा नर बीजासाठी ठेवला की कोकरांत पुन्हा जाड केस डोकावतात. हे जाड, ठिसूळ, पांढरे केस रंग घेत नाहीत. गिरणीत कापड रंगवले की ते उठून दिसतात, आणि दहा पोत्यांत एक पोते तसे निघाले तरी व्यापारी दहाही पोत्यांचा भाव पाडतो. आपल्याकडच्या दख्खनी मेंढीची राठ लोकर घोंगडीला उत्तम, पण अंगाला लागणाऱ्या बारीक कापडाला चालत नाही, त्याचे कारणही हेच आहे: धाग्याची जाडी आणि त्यातले केस. मेरिनोचा धागा आज साधारण 16 ते 23 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतो, दख्खनीचा त्याहून कितीतरी जाड.

तिसरी गोष्ट तर थेट साताऱ्यापर्यंत येते. न्यू साउथ वेल्समधल्या कूमाजवळच्या ‘बूरूला’ नावाच्या कळपातल्या मेरिनो मेंढ्या एका वेताला दोन-तीन आणि त्याहून अधिक कोकरे देत. मेरिनोत हे विलक्षण आहे. पुढे संशोधकांना हा गुण एकाच जनुकाचा असल्याचे कळले, आणि 2001 मध्ये त्या जनुकातला नेमका बदल सापडला. अगदी तोच बदल सुंदरबनातल्या गॅरोल या चिमुकल्या बंगाली मेंढीत आहे. 1790 च्या दशकात कलकत्त्याहून सिडनीला गेलेल्या मेंढ्यांतून तो ऑस्ट्रेलियात पोचला, असे अभ्यासकांचे मत आहे. म्हणजे ज्या मेंढरांना हा मजकूर निरुपयोगी म्हणतो, त्यांचे रक्त दोनशे वर्षे मेरिनोच्या अंगात टिकून होते. आणि फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने गॅरोलमधला हाच गुण आपल्या दख्खनी मेंढीत आणून ‘नारी सुवर्णा’ हा वाण तयार केला. मेंढीपालनाच्या गटांत हा मजकूर पाठवणाऱ्यांपैकी काहींच्या वाड्यात आज त्याच जनुकाची मेंढी असेल.

जाता जाता: गुरांच्या बाबतीतही हिंदुस्थानचा वाटा आहे. 1795 मध्ये ‘एंडेव्हर’ हे जहाज मुंबईहून शंभरावर गुरे घेऊन सिडनीला गेले.

"एकट्याने कळप वाढवला"

तारखा पुरेशा आहेत. सप्टेंबर 1801 मध्ये मॅकआर्थरने आपल्याच वरिष्ठाला, लेफ्टनंट कर्नल पॅटरसनला, द्वंद्वयुद्धात गोळी घातली. गव्हर्नर किंगने त्याला खटल्यासाठी इंग्लंडला पाठवले. नोव्हेंबर 1801 ला गेला तो जून 1805 ला परतला. मग मार्च 1809 ला पुन्हा इंग्लंडला, आणि परत आला सप्टेंबर 1817 मध्ये. मिळून बारा वर्षे तो कळपापासून पाच-सहा महिन्यांच्या समुद्रप्रवासाइतका दूर होता. वर सांगितलेली पिढ्यांची शिडी नेमकी याच वर्षांत चढली गेली.

ती चढवली एलिझाबेथ मॅकआर्थरने. डेव्हनमधल्या ब्रिजरूल गावच्या शेतकरी घरातली ही बाई. सिडनीजवळच्या पॅरामाटाचे घर आणि शेत, काउपास्चर्स या कुरणांतले कळप, कैदी मजूर, मुले, हिशेब, सगळे तिच्याकडे. मदतीला पुतण्या हॅनिबल होता. कोणता नर कोणत्या माद्यांवर सोडायचा, कोणती जनावरे मांसासाठी काढायची, लोकर केव्हा कातरायची, कोणत्या जहाजावर चढवायची हे ठरवणे तिचे काम होते. नवऱ्याची पत्रे येत, सूचना येत. पण पत्र पोचेपर्यंत तो हंगाम संपलेला असे. गव्हर्नर मॅक्वारीने शेती सुधारल्याबद्दल 600 एकरांची जमीन दिली, ती तिला.

या कामाचे स्वरूप समजल्याशिवाय तिचे मोठेपण कळणार नाही. वसाहतीत मेंढीचा खरा पैसा मांसात होता. सरकारी कोठार मटण विकत घेई, रोख हुंडी देई. लोकरीचा पैसा यायला मात्र वर्ष-दीड वर्ष लागे, आणि जहाज बुडाले तर तोही नाही. मोठ्या हाडाची, मांसल मेंढी सोडून लहान अंगाची, उशिरा वाढणारी मेरिनो जपायची म्हणजे दर वर्षी हातातला नफा सोडायचा. शेजारच्या बहुतेकांनी तो सोडला नाही. तिने बारा वर्षे सोडला.

कातरणीआधी मेंढ्या ओढ्याच्या वाहत्या पाण्यात धुवाव्या लागत. मेरिनोच्या लोकरीत तेलकट चिकटा आणि धूळ इतकी असते की न धुतलेल्या लोकरीचे जवळपास निम्मे वजन त्याचेच भरते, आणि जहाजभाडे वजनावर. धुतल्यावर अंग पुरते वाळू द्यायचे. ओली लोकर पोत्यात दाबली तर आत तापते, पिवळी पडते, धागा तुटतो. वाळायला जास्त दिवस लागले तर पुन्हा धूळ बसते. मग कातरून पाठीची-खांद्याची उत्तम लोकर वेगळी, पोटाची आणि पायांची वेगळी. हा प्रतवारीचा टप्पा चुकला की बारीक लोकरीलाही जाड लोकरीचा भाव मिळतो.

आणि हे सगळे प्रत्यक्ष करणारे हात कैद्यांचे होते. सरकार कैदी जमीनदारांना नेमून देई. मालकाने अन्न-वस्त्र द्यायचे. कुंपण नसल्याने एका मेंढक्याकडे 300–400 मेंढ्या. दिवसभर राखण, रात्री लाकडी फळ्यांच्या सरकत्या वाड्यात कोंडणे, पहाटे मोजणी. वाड्याबाहेर डिंगो कुत्री. मेंढी हरवली तर मेंढक्याच्या पाठीवर फटके बसू शकत. त्यांतले बहुतेक लंडन, डब्लिनसारख्या शहरांतले किंवा आयर्लंडच्या खेड्यांतले, मेरिनो कधी न पाहिलेले. त्यांची नावे नोटेवर आली नाहीत.

त्याच वर्षांत मार्सडेनही थांबलेला नव्हता. 1807 मध्ये तो आपली लोकर घेऊन इंग्लंडला गेला, यॉर्कशायरमध्ये तिचे कापड विणून घेतले. त्या कापडाचा कोट पाहून राजा तिसऱ्या जॉर्जने त्याला मेरिनो मेंढ्या भेट दिल्या. 1811 मध्ये त्याने 4,000 पौंडांहून अधिक लोकर इंग्लंडला रवाना केली. व्यापारी प्रमाणावर गेलेला हा पहिला माल, आणि तो मॅकआर्थरचा नव्हता.

"ओसाड, मालक नसलेली जमीन"

पहिली 100 एकर जमीन त्याला 1793 मध्ये प्रभारी गव्हर्नर ग्रोसने दिली. मोठी जमीन 1804 च्या लंडन भेटीतून आली: वसाहतमंत्री लॉर्ड कॅमडेन याचा हुकूम, 5,000 एकर लगेच आणि यश दिसल्यास आणखी 5,000. त्याने मागितली ती काउपास्चर्समधली.

हे ठिकाण ओसाड असते तर त्याने मागितलेच नसते. 1788 मध्ये पहिल्या ताफ्याची काही गुरे रानात पळाली. सात वर्षांनी ती सापडली ती इथे, नेपियन नदीपलीकडे, मोठा कळप होऊन. वसाहतीतले सर्वांत चांगले कुरण गुरांनीच शोधून दिले होते. सरकारने ते राखीव ठेवले होते, परवान्याशिवाय जायला बंदी होती, आणि गव्हर्नर किंग ते द्यायला राजी नव्हता. मंत्र्याच्या हुकमापुढे त्याचे चालले नाही.

मालकही होते. दरावल आणि गुंडुंगुरा लोकांचा हा मुलूख. झाडे विरळ आणि मधे मोकळे गवत ही तिथली रचना त्या लोकांनी ठरावीक काळाने लावलेल्या नियंत्रित आगींमुळे होती: कोवळे गवत फुटते, कांगारू चरायला येतात, शिकार सोपी होते. मेंढ्यांनी ते गवत मुळापर्यंत खाल्ले, खुरांनी माती दाबली गेली, पाणवठ्यांवर कळप आले. 1814 नंतरच्या दुष्काळात संघर्ष पेटला, दोन्हीकडची माणसे मेली, त्यांत मॅकआर्थरच्या वस्तीवरचे मजूरही होते. मग मॅक्वारीने फौज पाठवली. 17 एप्रिल 1816 च्या पहाटे अ‍ॅपिनजवळ सैनिकांनी झोपलेल्या तळाला घेरले. किमान 14 जण मेले, त्यांत बायका-मुले होती. कित्येक कड्यावरून खाली पडून. ‘मालक नसलेली जमीन’ हे शब्द पुढे पाठवताना या पहाटेचा विचार व्हावा, एवढे आमचे कळकळीचे सांगणे आहे.

"दारूच्या टोळीशी लढला"

टोळी म्हणायचीच तर ती त्याच्याच पलटणीच्या अधिकाऱ्यांची. मद्याचा व्यापार त्यांच्या हाती होता, आणि तो मोडायला लंडनने पाठवलेला माणूस म्हणजे गव्हर्नर विल्यम ब्लाय. 1807 मध्ये मॅकआर्थरसाठी जहाजातून दारू गाळायची भट्टी आली. ब्लायने ती परत पाठवायचा हुकूम दिला. मॅकआर्थरने तिचे तांब्याचे भांडे आत औषधे बांधली आहेत म्हणून घरी नेले आणि परत देण्यावरून महिनोन्‌महिने वाद घातला.

स्फोट झाला तो वेगळ्याच कारणाने. त्याचा भागीदारीतला ‘पॅरामाटा’ नावाचा गलबत एका पळालेल्या कैद्याला ताहितीला घेऊन गेला. नियमाप्रमाणे 900 पौंडांचा जामीन जप्त झाला. मॅकआर्थरने भरायचे नाकारून गलबतच वाऱ्यावर सोडले; उपाशी खलाशी बंदराचा नियम मोडून किनाऱ्यावर उतरले; त्याबद्दल त्याला अटक झाली. 25 जानेवारी 1808 ला खटला सुरू झाला, दुसऱ्या दिवशी मेजर जॉर्ज जॉन्स्टनने पलटण घेऊन ब्लायला कैद केले. मॅकआर्थर काही महिने बिनपगारी वसाहत-सचिव म्हणून कारभार हाकत होता.

ब्लाय तापट होता, तोंडाचा फटकळ होता, आणि सिडनीतल्या जागांच्या भाडेपट्ट्यांवर त्याने घातलेला घाला अनेकांना बोचला होता. त्यामुळे बंड केवळ दारूचे होते असेही म्हणता येत नाही. पण बंडाची किंमत पाहा. 1811 मध्ये जॉन्स्टनला लष्करी न्यायालयाने बडतर्फ केले. मॅकआर्थर तोवर पलटण सोडून नागरिक झाला होता म्हणून इंग्लंडमध्ये त्याच्यावर खटला चालला नाही. सिडनीत पाऊल ठेवले तर मात्र अटक ठरलेली होती. ती आठ वर्षे त्याने इंग्लंडात काढली ती यामुळे, आणि परत यायची परवानगी मिळाली ती सार्वजनिक कामात पडणार नाही या अटीवर.

"लोकांनी विधिमंडळात पाठवले"

तेव्हा निवडणूकच नव्हती. 1825 मध्ये न्यू साउथ वेल्सच्या विधान परिषदेवर त्याची नेमणूक झाली, रॉबर्ट कॅम्बेल आणि चार्ल्स थ्रॉस्बी यांच्याबरोबर. शिक्षा भोगून मोकळ्या झालेल्या कैद्यांना ज्यूरीत बसण्यासारखे नागरी हक्क द्यावेत का, हा त्या वेळचा मोठा प्रश्न होता. मॅकआर्थर विरोधी गटात होता. त्याला हवी होती मोजक्या बड्या जमीनदारांची सत्ता आणि त्यांच्या हाताखाली कैदी मजूर. 1832 मध्ये मनोविकारामुळे त्याचे परिषदेतले काम थांबले, आणि 11 एप्रिल 1834 ला काउपास्चर्समधल्या आपल्या कॅमडेन नावाच्या जमीनदारीवर तो वारला.

त्याचे खरे राजकारण परिषदेबाहेरचे. 1801 मध्ये कैदी म्हणून निघताना त्याने लोकरीचे नमुने बरोबर घेतले. नेपोलियनशी युद्ध चालू, स्पॅनिश लोकरीचा भरवसा नाही, आणि इंग्लंडमधले कापड कारखानदार बेचैन. 1803 मध्ये त्याने लेखी निवेदन काढले: पुरेशी जमीन आणि मेंढके द्या, ब्रिटनला लागणारी बारीक लोकर वसाहत पुरवील. जोसेफ बँक्ससारखा मान्यवर शास्त्रज्ञ विरोधात होता, तरी मंत्री पटला. ज्या माणसाला खटल्यासाठी पाठवले होते तो 5,000 एकरांचा हुकूम आणि शाही मेंढे घेऊन परतला. पुढे 1819 ते 1821 या काळात आयुक्त बिग वसाहतीत होता, तेव्हाही भांडवलदारांना मोठ्या जमिनी आणि त्या प्रमाणात कैदी मजूर हे धोरण मॅकआर्थरने त्याला पटवले. बिगच्या अहवालांनी ते उचलून धरले. 1821 मध्ये त्याच्या लोकरीचे एक पोते लंडनच्या लिलावात पौंडाला 10 शिलिंग 4 पेन्स या अभूतपूर्व भावाने गेले, 1822 मध्ये लंडनच्या कला-उद्योग संस्थेने दोन पदके दिली. जाड कापडाला लागणाऱ्या लोकरीचा भाव पेन्समध्ये मोजला जाई, हे लक्षात घेतले की या विक्रीचा गाजावाजा का झाला ते कळते. लोकर नासत नाही, वजनाच्या मानाने महाग असते, दीर्घ प्रवासाचे भाडे सोसते. इतक्या दूरच्या वसाहतीला असाच माल हवा होता. हे त्याने इतरांआधी जाणले आणि मांडले.

"आजची प्रत्येक मेरिनो त्याच्याच कळपाची"

कॅमडेनची मेंढी बारीक लोकरीची, पण अंगाने लहान आणि कातरणीला हलकी. 1820 च्या दशकापासून जर्मनीतल्या सॅक्सनीहून मेरिनो येऊ लागल्या: अलेक्झांडर रायलीच्या कुटुंबाने न्यू साउथ वेल्समध्ये आणल्या, एलायझा फोर्लाँग हिने सॅक्सनीत फिरून निवडलेल्या मेंढ्या टास्मानियात गेल्या. न्यू साउथ वेल्समधल्या रिव्हरिनाच्या उष्ण, कोरड्या सपाटीवर मात्र या नाजूक मेंढ्यांची लोकर धुळीने भरे आणि जनावर चाऱ्यासाठी लांब चालू शकत नसे. वांगानेला येथे पेपिन बाप-लेकांनी 1861 पासून रॅम्बुये या फ्रेंच मेरिनोचे रक्त घालून उंच पायांची, मोठ्या अंगाची, लांब धाग्याची आणि भरघोस लोकरीची मेंढी घडवली. आजच्या ऑस्ट्रेलियन मेरिनोत सर्वाधिक पसरलेले रक्त त्या पेपिन वाणाचे आहे.

आणि मॅकआर्थर घराण्याचा हात लागला की यश ठरलेले, असेही नव्हते. 1824 मध्ये लंडनमध्ये ऑस्ट्रेलियन अ‍ॅग्रिकल्चरल कंपनी निघाली: दहा लाख पौंड भांडवल, दहा लाख एकर जमीन. त्यामागे मॅकआर्थरचा लंडनमधला बॅरिस्टर मुलगा जॉन होता, सिडनीतल्या देखरेख समितीत दुसरा मुलगा, जावई आणि पुतण्या. जमीन निवडली ती पोर्ट स्टीफन्सच्या किनाऱ्याकडची. तिथे पाऊस जास्त, माती ओली, गवत राठ. मेंढीचे खूर सतत ओले राहिले की दोन नख्यांमधली कातडी मऊ पडते, जंतू शिरतात, खूर कुजतो. लंगडी मेंढी चरत नाही, वाळत जाते. कळप खंगले. दोष व्यवस्थापक रॉबर्ट डॉसनवर ठेवून 1828 मध्ये त्याला काढण्यात आले. कंपनीच्या मेंढ्या सावरल्या त्या 1830 च्या दशकात त्या जमिनीचा मोठा भाग सोडून, डोंगरांपलीकडची पील आणि वॉरा इथली कोरडी कुरणे बदल्यात घेतल्यानंतर.